स्क्रीन सुंदर आहेत, पण इंटरॅक्शन कुठंय?

या वेळचं पत्र डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं आहे. पत्र मोठं होतं, थोडं आखडून देते:

‘अक्षरं आणि पोस्टर यांच्या वेडापायी मी डिझाइनला आले. या सत्रात पहिल्यांदाच इंटरॅक्शन डिझाइन, म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातली देवाणघेवाण रचणं, हा विषय आला. असाइनमेंट होती, वयस्कर माणसांना औषधांच्या वेळा सांभाळायला मदत करणारं ॲप. तीन आठवडे खपून चौदा स्क्रीन केल्या. रंग, टाइप, आयकॉन, सगळं मनासारखं उतरलं होतं. रिव्ह्यूच्या दिवशी सरांनी स्क्रीनचे प्रिंट टेबलावर मांडले, ग्रंथालयातल्या काकांना बोलावलं आणि म्हणाले, “काका, सकाळची गोळी तुम्ही घेतलीये. आता ॲपला तसं सांगा.” काकांनी वरच्या घड्याळाच्या चित्रावर बोट ठेवलं. ते बटण नव्हतंच! दोनदा, तीनदा तिथंच दाबलं. मला राहवेना, मी म्हटलं, “काका, खाली, तो हिरवा गोल.” सर म्हणाले, “तू रोज त्यांच्या घरी जाणार आहेस का?” काका “मला हे मोबाइलचं काही जमत नाही” म्हणत निघून गेले. मग सर म्हणाले, “स्क्रीन सुंदर आहेत, पण इंटरॅक्शन कुठंय?” मी नंतर खूप रडले. हे खरंच डिझाइन आहे, की मानसशास्त्र आणि कॉम्प्युटर यांची सरमिसळ? माझ्या हाताचा आणि नजरेचा इथे उपयोग काय? मला कोडही येत नाही. विषय बदलू का?’
– हिरव्या गोलात अडकलेली

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले आणि बराच वेळ तिथंच राहिले. काकांनी घड्याळाच्या चित्रावर बोट ठेवलं, ते वाक्य. तू ते अपमानाचा पुरावा म्हणून लिहिलंस. मला मात्र तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यातच दिसतात.

काकांनी बोट तिथंच का ठेवलं असेल? प्रिंट समोर नसले तरी मी अंदाज करते. घड्याळ वर, मधोमध, मोठं असणार. तुझा हात चांगला आहे म्हणतेस, म्हणजे त्याला हलकी सावली असेल, कड जरा उचललेली असेल, ते कागदातून वर आल्यासारखं दिसत असेल. हिरवा गोल खाली कोपऱ्यात, सपाट, शांत, नक्षीतल्या ठिपक्यासारखा. असं असेल तर काकांनी तुझं चित्र अगदी बरोबर वाचलं. चित्र म्हणत होतं ‘मला दाबा’, त्यांनी दाबलं. जे. जे. गिब्सन या मानसशास्त्रज्ञाने यासाठी ‘अफोर्डन्स’ हा शब्द घडवला: वस्तू आपल्याला काय काय करू देते, ते. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८मध्ये तो डिझाइनच्या जगात आणला आणि पुढे त्याला ‘सिग्निफायर’ या शब्दाची जोड दिली, म्हणजे कुठे हात लावायचा ते सांगणारी खूण. तुझ्या घड्याळात खूण होती, मागे क्रिया नव्हती. हिरव्या गोलामागे क्रिया होती, पण खूण नव्हती. सावली, आकार, जागा, रंगाचा जोर ही सगळी तुझ्याच हातातली कामं. नजरेचा उपयोग काय, असं तू विचारतेस. तुझ्या नजरेनेच काकांचं बोट तिथं नेलं, इतका तिचा उपयोग आहे. तिने काय बोलायचं, ते फक्त अजून ठरलेलं नव्हतं.

म्हणूनच सरांचं शेवटचं वाक्य मला पूर्ण पटत नाही. ‘इंटरॅक्शन कुठंय?’ ते तर सगळ्या वर्गासमोर घडलं! माणसाने वस्तूला काही विचारलं, वस्तू गप्प राहिली, माणसाने पुन्हा विचारलं, वस्तू पुन्हा गप्प, आणि माणूस निघून गेला. वाईट झालं, पण झालं. आपण घडवलं नाही तरी ते आपोआप घडतं, आणि मग बहुतेक वेळा असंच घडतं. काकांना बोलावलं आणि तुला मध्ये बोलू दिलं नाही, त्याबद्दल मात्र सरांचे आभार मान. पहिल्याच असाइनमेंटला हे दाखवणारा शिक्षक प्रत्येकाला मिळत नाही.

हे डिझाइन आहे का, याचं उत्तर ‘इंटरॅक्शन डिझाइन’ हा शब्द जन्माला कसा आला त्यात आहे. बिल मॉग्रिज हा मूळचा वस्तू घडवणारा, इंडस्ट्रिअल डिझायनर. ग्रिड कंपास नावाच्या लॅपटॉपचा आकार त्याने घडवला. तो लॅपटॉप १९८२मध्ये बाजारात आला, पुढे अंतराळयानातूनही गेला. मिटता येणारा पडदा, बिजागरी, खटका, सगळं त्याने जिवापाड केलं होतं. चालू नमुना पहिल्यांदा हाताशी आला तेव्हा तो स्वतःच्या कामावर खूश होऊन वापरायला बसला, आणि काही मिनिटांत बिजागरी विसरून गेला. त्याचं सगळं लक्ष पडद्याच्या आत ओढलं गेलं होतं, तिथे काय केलं की काय होतं, यात. त्याच्या ध्यानात आलं की वापरणाऱ्याचा सगळा वेळ तिथंच जाणार आहे, आणि तो भाग आपण घडवलेलाच नाही. तो शिकायला लागला. या कामाला त्याने आधी ‘सॉफ्टफेस’ असं नाव दिलं होतं, मग बिल व्हरप्लँक या सहकाऱ्याबरोबर बोलताना ‘इंटरॅक्शन डिझाइन’ हे नाव ठरलं. आकारावर जीव असलेला माणूस पडद्यासमोर बसला आणि आपल्याला अर्धंच काम येतं हे त्याला उमगलं. तुझ्याबरोबर त्या दिवशी दुसरं काय झालं?

राहिलेलं अर्धं काम म्हणजे वेळ. पोस्टरमध्ये तू जागा रचतेस. कशाशेजारी काय, किती मोकळं, नजर आधी कुठे जाईल. इथे त्याबरोबर क्षणही रचायचे असतात. तुझ्या चौदा स्क्रीन म्हणजे चौदा फोटो आहेत, आणि तिसऱ्या-चौथ्या फोटोच्या मधे जे घडतं ते कुठल्याच फोटोत नाही.

पैसे देणाऱ्या एटीएम यंत्राचं उदाहरण घे. आधी पैसे बाहेर आणि मग कार्ड, असा क्रम ठेवला तर लोक पैसे घेऊन निघून जातात आणि कार्ड यंत्रातच राहतं. ज्यासाठी आलो ते हातात पडलं की काम संपलं असं मन समजतं, मग त्यानंतरची पायरी गळते. क्रम उलटा करायचा: आधी कार्ड घ्या, मग पैसे. रंग तोच, अक्षरं तीच, बटणं तीच, फक्त दोन क्षणांची अदलाबदल, आणि चूक जवळपास नाहीशी होते. मला हे उदाहरण अजूनही पोटात हलवतं. पोस्टरमध्ये एक ओळ वर सरकवून जो फरक पडतो ना, तोच हा, फक्त जागेऐवजी वेळेत.

आता तुझ्या ॲपकडे येऊ. काकांची एक खरी सकाळ डोळ्यासमोर आण. आठ वाजता गोळीची वेळ. फोन वाजतो तेव्हा ते अंघोळीला गेलेत. बाहेर येतात, सवयीने गोळी घेतात, फोनकडे बघतही नाहीत. साडेदहाला कुणाला तरी फोन लावायला म्हणून तो उचलतात, तर तुझी स्क्रीन लाल अक्षरांत सांगते: ‘सकाळची गोळी राहिली’. काका विचारात पडतात. घेतल्यासारखी वाटते, पण ती कालची आठवण असेल. रोजची गोष्ट एकसारखी असते, तिच्या आठवणीही एकमेकींत मिसळतात. ॲप म्हणतंय राहिली, म्हणजे राहिलीच असणार. आणि ते दुसरी गोळी घेतात.

चूक नेमकी कुठे झाली? ‘राहिली’ या एका शब्दात. गोळी घेतली की नाही हे ॲपला कळूच शकत नाही. बटण दाबलं गेलं नाही, एवढंच त्याला माहीत आहे. मग त्याने तेवढंच बोलावं: ‘सकाळच्या गोळीची नोंद झालेली नाही. घेतली का, ते पाकीट बघून ठरवा.’ पुढे काय करायचं हा डॉक्टरांचा प्रांत, त्यात ॲपने पडू नये. शिवाय लाल रंग. लाल म्हणजे घाई कर. घाबरलेल्या माणसाला घाई करायला लावणं या जागी धोक्याचं आहे. बघ, एक शब्द आणि एक रंग. यासाठी कोड लागलं नाही, काकांच्या घरात मनाने जाऊन बसावं लागलं.

उलट बाजूही बघ. गोळी घ्यायची आहे आणि चुकून ‘घेतली’ दाबलं गेलं तर? पहिला विचार येतो की विचारून घ्यावं, ‘नक्की घेतली का?’ माझाही यायचा. पण रोज दोनदा तोच प्रश्न विचारलास तर आठवड्याच्या आत बोट न वाचता ‘हो’ दाबायला शिकतं, आणि ज्या दिवशी खरंच चूक होते त्या दिवशीही ते तसंच दाबतं. त्यापेक्षा नोंद लगेच कर आणि खाली ठळक लिही: ‘चुकून दाबलं? नोंद रद्द करा’. ही ओळ दोन सेकंदांत विरून जाऊ देऊ नकोस, दुपारच्या गोळीपर्यंत तिथेच राहू दे. चुकलं तर मागे येता येतं हे कळलेला माणूस यंत्राला भीत नाही.

नॉर्मन यांनी १९८६मध्ये दोन दऱ्यांची मांडणी केली होती. मला काय करायचंय ते ठाऊक आहे पण कसं करायचं ते दिसत नाही, ही पहिली दरी. मी केलं, पण ते पोचलं का, हे कळत नाही, ही दुसरी. काका आधी पहिलीत पडले. मग घड्याळ दाबल्यावर काहीच हललं नाही, तेव्हा दुसरीत. आपण हलकं दाबलं की चुकीच्या जागी दाबलं, हे सांगणारं कुणी नव्हतं. कागदावर ते हलणार नव्हतंच, हे खरं. पण मला सांग, फोनवर असतं तर हललं असतं का?

या दुसऱ्या दरीत मी स्वतः एका माणसाला ढकललेलं आहे. कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. एका कार्यालयासाठी टोकन देणाऱ्या यंत्राचा पडदा केला होता. छान केला होता, आजही म्हणेन. बटण दाबलं की टोकन छापून यायला तीन-एक सेकंद लागायचे, आणि त्या तीन सेकंदांत पडदा जसाच्या तसा राहायचा. सुरू झालं त्या दिवशी मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. एका गृहस्थांनी बटण दाबलं. वाट बघितली. परत दाबलं. मग जरा जोरात. मग चौथ्यांदा. यंत्रातून एकामागून एक चार टोकन आली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना असं, वरचं एक हातात धरलं आणि उरलेली तीन घडी करून गुपचूप खिशात घातली. आपलं चुकलं असं त्यांना वाटलं होतं. चुकलं माझं होतं.

यावर आकडेही आहेत, ते पाठच कर. यंत्राने किती वेळात उत्तर द्यावं, याचे हे आकडे संशोधक रॉबर्ट मिलर यांनी १९६८मध्ये मांडले आणि वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३मध्ये सोपे करून पुन्हा सांगितले. साधारण ०.१ सेकंदाच्या आत उत्तर आलं तर ‘मी केलं म्हणून झालं’ असं वाटतं. १ सेकंदापर्यंत उशीर जाणवतो, पण विचाराची लय तुटत नाही. १० सेकंदांपलीकडे लक्ष उडतं. माझ्या यंत्राला छपाई लवकर करता येत नव्हती, पण बटण दाबताक्षणी त्याचा रंग बदलून ‘टोकन छापत आहे’ असं म्हणता आलं असतं, आणि तेवढा वेळ पुढचे दाब सोडून देता आले असते. मी दुरुस्ती केली तेव्हा नेमकं एवढंच केलं. ते गृहस्थ मात्र पुन्हा भेटले नाहीत.

मानसशास्त्राबद्दल तू जरा नाराजीने लिहिलंयस. हो, ते येतं, आणि येऊ दे. पण ते शेवटी कुठे पोचतं बघ. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक उतरल्यावर पंखांचे फ्लॅप मिटायच्या ऐवजी चाकं आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. चूक वैमानिकांची मानली जायची. अल्फॉन्स शॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारीशेजारी आणि अगदी सारखे. त्याने चाकांच्या खटक्यावर एक छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. न बघताही बोटांना कळायला लागलं, कुठला कुठला ते. निदान मानसशास्त्रज्ञाचं, पण औषध आकाराचं! ते तुझ्या वर्गातल्या कुणालाही हाताने करता आलं असतं.

कोडबद्दल थोडक्यात सांगते. पुढे थोडं शीक, उपयोगच होईल, पण त्यासाठी आत्ता अडून राहू नकोस. पामपायलट हे खिशात मावणारं यंत्र १९९६मध्ये आलं. त्याआधी ते घडवणारे जेफ हॉकिन्स त्या मापाचा लाकडाचा ठोकळा खिशात घेऊन फिरायचे. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचे आणि त्यावर काडीने टिपून घेतल्यासारखं करायचे. कधी काढावासा वाटतो, कधी नाही, हे ठोकळ्यानेच सांगितलं. आणि डरेल बिशप यांनी १९९२मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकताना केलेलं आन्सरिंग मशीन तर तू शोधून बघच. फोनवर निरोप आला की यंत्रातून एक गोटी बाहेर येते. गोटी खळग्यात ठेवली की निरोप ऐकू येतो. किती निरोप आहेत हे गोट्या बघूनच कळतं, आणि दुसऱ्याच्या नावाचा निरोप असेल तर ती गोटी उचलून त्याच्यासाठी बाजूला ठेवता येते. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा या विषयात पडद्याशिवायही इतकं काही आहे, हे समजून हरखून गेले होते. तुझ्या सरांनी टेबलावर मांडलेले प्रिंट याच घराण्यातले. त्याला कागदी प्रोटोटाइप, म्हणजे कागदावरचा कच्चा नमुना, म्हणतात, आणि अनुभवी लोकही तिथूनच सुरुवात करतात.

विषय बदलण्याचं आत्ता ठरवू नकोस. एका रिव्ह्यूवर ठरवलेली गोष्ट ही रडण्याने ठरवलेली असते. हे सत्र पूर्ण कर. माणसं वस्तू वापरताना बघायला तुला शेवटपर्यंत कंटाळाच आला, तर खुशाल अक्षरांकडे जा, मनात काही न ठेवता. आणि राहिलीस तर अक्षरं सोडावी लागणार नाहीत. थकलेल्या डोळ्यांना बारीक टाइपात १ आणि ९ सारखे दिसू शकतात. गोळ्यांच्या यादीत याचा अर्थ काय होतो, ते तुला वेगळं सांगायला नको. तिथे टायपोग्राफी येणारं कुणीतरी हवंच आहे.

असाइनमेंट पुन्हा कर, पण चौदा स्क्रीन नकोत. एकच काम घे: सकाळची गोळी घेतल्याची नोंद. बोट टेकण्याआधी, टेकताना, उचलल्यावर आणि दोन तासांनी, अशा क्षणांचे कागद काढ. बटण मोठं कर आणि अंगठा सहज पोचेल तिथे ठेव. लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका वेळ जास्त लागतो, हे पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४मध्येच मोजून दाखवलंय, आणि थरथरत्या हाताला तर ते दुप्पट लागू पडतं. कागद समोर ठेवलेस की स्वतःचे हात टेबलाखाली धर. ‘आवडलं का?’ विचारू नकोस, लोक प्रेमाने ‘छान आहे’ म्हणतात आणि हाती काही लागत नाही. ‘मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा’ एवढंच सांग. ते अडले की दहापर्यंत मनात मोज. ही दहा सेकंदं फार जड जातात, मला अजूनही जातात. त्या वेळात बोट कुठे घुटमळतं ते कागदावर टिपून ठेव.

आणि सुरुवात ग्रंथालयातल्या काकांपासूनच कर. आपल्याला मोबाइलचं जमत नाही असं म्हणत ते गेले, आणि अजूनही त्यांना तसंच वाटत असणार. आधी तो जुना प्रिंट घेऊन जा, घड्याळाच्या चित्रावर बोट ठेव आणि त्यांना सांग, ‘काका, त्या दिवशी तुमचं बोट बरोबर जागी पडलं होतं. चित्र माझं चुकलं होतं.’ मग नवे कागद काढ.

तुझी,
सल्लागार ताई